मूस्के : तीनशे टनांची फ्रेंच विनाशिका, आणि तिला विसरलेलं पेनांग

पेनांगकर

गेली चार वर्षं नोकरीनिमित्त पेनांगला (मलेशिया) राहतोय. परवा सुट्टीच्या दिवशी वेस्टर्न रोडच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत गेलो होतो. तिथे रशियन खलाशांचं स्मारक आहे. २८ ऑक्टोबर १९१४ च्या पहाटे जर्मन क्रूझर एम्डन इथल्या बंदरात घुसली आणि नांगरून पडलेली रशियन क्रूझर झेमचुग तिने बुडवली, त्यातले हे लोक. ऐंशीहून अधिक गेले. स्मारकावर ताजी फुलं होती.

पण त्याच सकाळी एम्डनने आणखी एक बोट बुडवली होती, तिच्याबद्दल इथे कुणालाच काही सांगता येत नाही. फ्रेंच विनाशिका मूस्के. बंदरात रशियनांचा निकाल लावून एम्डन बाहेर पडत होती आणि मूस्के रात्रभराची गस्त घालून परत येत होती. सकाळचे सातच्या आसपास वाजले असतील. दहा मिनिटांत मूस्के पाण्याखाली गेली. तिचा कप्तान लेफ्टनंट तेरोआन बोटीबरोबरच गेला.

मूस्के आर्केब्यूझ वर्गातली होती. १९०२ ते १९०४ मध्ये फ्रान्सने या वर्गाच्या २० बोटी बांधल्या. वजन तीनशे टनांच्या आसपास, लांबी ५६ मीटर. तोफा म्हणजे ६५ मिलिमीटरची एक आणि ४७ मिलिमीटरच्या सहा. शिवाय पाणतीर (टॉर्पेडो) सोडायच्या दोन नळ्या. समोर साडेतीन हजार टनांहून मोठी एम्डन, १०५ मिलिमीटरच्या दहा तोफांची.

माझा प्रश्न असा, की इंग्लिश खाडीसाठी बांधलेली एवढीशी बोट मलाक्काच्या सामुद्रधुनीत एकटीने गस्त घालायला पाठवणं कितपत शहाणपणाचं होतं? बोटच चुकीची होती, की तिला दिलेलं काम चुकीचं होतं? गेले आठ दिवस हे डोक्यातून जात नाही. जाणकारांनी लिहावं.

दर्यावर्दी

धागा वाचनखूण करून ठेवलाय. सावकाश लिहितो.

मीनल_ग

पेनांगकर, छान विषय. एक शंका. एम्डन बंदरात शिरली तेव्हा कुणी हटकलं कसं नाही? शत्रूची बोट अशी सरळ आत येते?

पेनांगकर

मीनलताई, एम्डनला तीन धुराडी होती. तिच्या लोकांनी कॅनव्हासचं चौथं खोटं धुराडं उभारलं. ब्रिटिशांची यारमथ नावाची चार धुराड्यांची क्रूझर याच टापूत होती. अंधुक उजेडात सगळ्यांना वाटलं, आपलीच बोट आली. झेमचुगच्या जवळ गेल्यावर जर्मन झेंडा चढवला आणि पाणतीर सोडला. रशियन कप्तान चेर्कासोव्ह तेव्हा बोटीवर नव्हता, बायकोसोबत गावात मुक्कामाला होता. पुढे त्याच्यावर खटला होऊन शिक्षा झाली.

गोफणगुंडा

या वर्गातल्या बोटींची नावं शोधली आणि हरखून गेलो. वीसच्या वीस नावं शस्त्रांची! मूस्के म्हणजे जुनी तोड्याची बंदूक, पिस्तोले म्हणजे पिस्तूल, साब्र म्हणजे तलवार, आर्क म्हणजे धनुष्य. फ्रांसिस्क म्हणजे फेकून मारायची कुऱ्हाड. सार्बाकान म्हणजे तोंडाने फुंकून बाण मारायची नळी. बेलिए म्हणजे मेंढा, पूर्वी किल्ल्याचे दरवाजे फोडायला जो ओंडका वापरत तो. आणि सगळ्यात भारी म्हणजे फ्रोंद. फ्रोंद म्हणजे गोफण!! माझ्या नावाची विनाशिका फ्रेंच नौदलात होती हे मला आज कळतंय. आज ऑफिसात काम होणार नाही.

सागरगोटा

गोफणगुंडा, शेतावर माळ्यावर बसून पाखरं हाकायची आणि फ्रान्सच्या नौदलातही जायचं, एवढं मोठं करिअर कुणाचं नसेल :)

आजोबा_दादर

शस्त्रांची नावं देण्यामागे परंपरा आहे. फ्रान्सची या जातीची पहिली विनाशिका १८९९ ची द्युरांदाल. रोलां या वीराच्या जुन्या फ्रेंच गाथेत त्याच्या तलवारीचं नाव द्युरांदाल आहे. भवानी तलवार म्हटलं की आपल्याला जसं ओळखून घ्यावं लागत नाही, तसंच फ्रेंच पोरांना हे नाव. तिथून पुढे दहा वर्षं तीनशे टनांच्या जवळपास अशाच बोटी बांधत गेले, एकूण ५५. फ्रेंच लोक त्यांना एकत्रितपणे ‘तीनशे टनी’ म्हणतात. आर्केब्यूझ हा त्यातला सर्वांत मोठा वर्ग.

मागची भूमिका समजल्याशिवाय धागाकर्त्याच्या प्रश्नाला हात घालता येणार नाही म्हणून थोडं लांबण लावतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत फ्रेंच नौदलात एक विचारपंथ उभा राहिला, ‘ज्यून एकोल’. त्याचा अध्वर्यू अॅडमिरल ओब, जो १८८६-८७ मध्ये नौदलमंत्रीही होता. त्याचं म्हणणं असं, की इंग्रजांच्या बरोबरीने मोठमोठी युद्धनौका बांधत बसणं आपल्या खिशाला परवडणारं नाही. पाणतीर नावाचं नवं हत्यार आलंय. लहान, स्वस्त, चपळ बोटींचे थवे बांधा. कोटी रुपयांचा हत्ती हजाराच्या डासाने लोळवता येतो. म्हणजे या बोटींच्या डोळ्यांसमोर शत्रू होता तो इंग्रज, आणि रणांगण होतं ते शेरबुर्ग-ब्रेस्त या फ्रेंच बंदरांसमोरचं पाणी.

१८९८ साली सुदानमधल्या फाशोदाच्या प्रकरणात फ्रान्स आणि इंग्लंड युद्धाच्या उंबरठ्यावर आले होते. आर्केब्यूझ वर्गाचा जन्म त्या हवेतला. आणि शेवटच्या बोटी पाण्यात उतरत होत्या त्याच १९०४ मध्ये दोघांनी तह केला. ज्या इंग्रजांना बुडवायला या बोटी बांधल्या, त्यांच्याच बंदराची राखण करताना त्यातली एक बुडाली. मला वाटतं धागाकर्त्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

दर्यावर्दी

आजोबा, सुंदर लिहिलंत. पण ज्यून एकोल म्हटलं की मला पहिल्यांदा कान्होजी आंग्रे आठवतात. गुराबा आणि गलबतं घेऊन मोठ्या जहाजांना जेरीस आणायचं, हेच ना? १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले तरी हात हलवत परत गेले. मग लहान बोटींची कल्पना चुकीची कशी म्हणायची?

आजोबा_दादर

कल्पना चुकीची म्हटलेलंच नाही. पण आंग्र्यांची गलबतं कुठे लढली? कुलाबा, खांदेरी, विजयदुर्ग. पाठीशी किल्ला, पायाखाली ओळखीची खाडी, भरती-ओहोटी तोंडपाठ. वारा पडला की मोठं जहाज जागच्या जागी आणि आपली गलबतं वल्ह्यांवर त्याच्या पिछाडीला. तीच गलबतं उद्या कुणी अंदमानला एकटीदुकटी पाठवली असती तर?

दर्यावर्दी

हे मात्र खरं. शब्द मागे घेतो. पण अर्धाच :)

बॉयलरवाला

मी निवृत्त मरीन इंजिनिअर. उमेदीच्या काळात, सत्तरच्या दशकात, एका बंदरात वाफेवर चालणाऱ्या जुन्या टगवर (मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर) तीन वर्षं काढली आहेत. तिचं इंजिन याच बोटींच्या जातीचं, ट्रिपल एक्सपान्शन. एकच वाफ आधी लहान सिलेंडरमध्ये, मग मधल्यात, मग सगळ्यांत मोठ्यात, अशी तीन वेळा कामाला लावायची. मूस्केमध्ये अशी दोन इंजिनं होती, एकूण ताकद सहा हजार अश्वशक्तीच्या वर. माझ्या टगला पाचशेही नव्हती.

तुम्ही लोक तोफांचं बोलताय, मला आतल्या माणसांचं बोलायचंय. असं इंजिन उघडं असतं. माणसाच्या मांडीएवढे दांडे तुमच्यासमोर वर-खाली होत असतात. बेअरिंग तापलंय का हे बघायला तेव्हा काटा नव्हता. हात घालून बघायचं. दांडा खाली आला की त्याच्या फिरण्याच्या लयीत हाताचा पंजा आत न्यायचा, बेअरिंगला चाटून जाऊ द्यायचा आणि दांडा परत यायच्या आत बाहेर काढायचा. माझ्या वरिष्ठांनी मला हे शिकवलं तेव्हा पहिले दोन दिवस त्यांनी माझं मनगट स्वतःच्या हातात धरलं होतं. हाताला नुसतं कोमट लागलं तर ठीक, चटका बसला तर तेलाची बुधली घेऊन धावायचं. हे आम्ही मिनिटाला शंभरएक फेऱ्यांवर करायचो. या विनाशिका वेगात असताना याच्या तिपटीने फिरत असणार. तिथे हात घालणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. त्यातून गरम तेल आणि पाणी सतत अंगावर उडतंय.

आणि शेजारच्या खोलीत बॉयलर, कोळशावरचे. फावड्याने कोळसा मारणारी माणसं. वरची झाकणं बंद करून पंख्याने हवा कोंबायची, म्हणजे आग फुलते. युरोपच्या थंडीत ते सोसवतं. मलाक्काच्या सामुद्रधुनीत ऑक्टोबरात, लोखंडी डब्यात, दमट हवेत? कागदावर या बोटींचा वेग २८ नॉट (तासाला २८ सागरी मैल), पण तो नव्याकोऱ्या बोटीचा, चाचणीच्या दिवसाचा, निवडक कोळसा आणि ताज्या दमाची माणसं असतानाचा. १९१४ मध्ये मूस्के बारा वर्षांची होती. अशा बोटींना बारा वर्षं म्हणजे म्हातारपण. सगळी बोट पातळ पत्र्याची. वजन वाचवायचं म्हणून जिथे तिथे पत्रा कमी केलेला.

पेनांगकर, तुम्ही बोट चुकीची होती का म्हणून विचारलंत. बोट चुकीची नव्हती हो. थकलेली होती.

मीनल_ग

बॉयलरवाला काका, हाताचं वाचून अंगावर काटा आला. कधी लागलं नाही ना तुम्हाला?

बॉयलरवाला

डाव्या हाताच्या करंगळीचं नख आजतागायत सरळ येत नाही. तेवढ्यावर निभावलं.

नाखवा

५६ मीटर म्हणजे नक्की केवढी ते डोळ्यांसमोर येत नसेल त्यांच्यासाठी : मुंबई लोकलचे पावणेतीन डबे एकामागे एक लावा. रुंदी सव्वासहा मीटर, म्हणजे दोन डबेही शेजारी शेजारी मावणार नाहीत. त्यात चार धुराडी, दोन इंजिनं, बॉयलर, कोळसा, दारूगोळा, आणि साठ-सत्तर माणसं. आणि हे सगळं समुद्रात, पाण्यापासून हातभर उंचीवर.

पुढचा भाग कासवाच्या पाठीसारखा गोल केलेला असायचा, लाट वर आली तर घसरून जावी म्हणून. त्याच्या मागे मूळ कवचाच्या वर थोडं अंतर सोडून दुसरा हलका डेक बांधायचे. म्हणजे समुद्र दोन डेकांच्या मधून आरपार जायचा आणि माणसं वरच्यावर चालायची. कागदावर झकास दिसतं.

इंग्रजांनीही आधी असल्याच कासवपाठी बोटी बांधल्या होत्या. त्यांना लवकर उमगलं, की वेग चाचणीत मिळतो, लाटेत मिळत नाही. १९०३ पासून त्यांनी ‘रिव्हर’ वर्ग काढला. साडेपाचशे टन, नाकाडापाशी उंच, वेग मात्र मुद्दाम कमी, साडेपंचवीस नॉट. खवळलेल्या समुद्रात या बोटी जुन्या तीस नॉटवाल्यांना मागे टाकायच्या. फ्रेंच मात्र त्यानंतरही पाच वर्षं तीनशे टनांवरच अडून राहिले. माझा राग या अडून राहण्यावर आहे.

तांबडं_फुटलं

मी पेनांगकरांच्या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूने लिहितो. दहा वर्षं किनारपट्टीवर छोट्या गस्तीनौकेवर होतो, कुठे ते विचारू नका.

रात्रभराच्या गस्तीवरून परतताना पहाटेची वेळ सगळ्यात वाईट. अंधारात माणूस सावध असतो, दर सावलीला दचकतो. पण उजाडलं, बंदराची ओळखीची टेकडी दिसली, की अंग आपोआप सैल सोडतं. गॅलीतून चहाचा वास येतो. डोळ्यांत मिठाची कणी गेल्यासारखी चुरचुर. अशा वेळी समोरून बंदरातूनच बाहेर पडणारं जहाज दिसलं तर शंका घेणार कोण? बंदर आपलं, म्हणजे त्यातून निघालेलं जहाज आपलं. त्यात चार धुराडी. एकदा माझ्यासोबत असं झालंय, की आमच्याच खात्याची बोट मी तस्करांची समजलो आणि त्याच्या आठवडाभर आधी तस्करांची बोट आपली समजलो होतो. दोन्ही वेळा पहाटच होती.

म्हणून तेरोआनने आधी ओळखायला हवं होतं असं कुणी म्हणू नये, ही विनंती.

आणि नंतर काय केलं ते बघा. ओळख पटल्यावर, एम्डनच्या तोफा सुरू झाल्यावरही मूस्केने पाणतीर सोडला, तोफा चालवल्या. झेंडा उतरवला नाही. बंदरात इतर बोटी होत्या, त्यांच्याकडून गोळे सुटले पण एकही एम्डनला लागला नाही.

गोफणगुंडा

त्या ‘इतर बोटीं’मध्ये माझी गोफण पण होती ना? :(

पेनांगकर

हो. फ्रोंद आणि पिस्तोले दोन्ही बंदरात होत्या. याच वर्गातल्या, म्हणजे मूस्केच्या सख्ख्या बहिणी. शिवाय दिबेरव्हिल नावाची जुनी तोफनौका. पण विझलेल्या बॉयलरमधून वाफ काढायला वेळ लागतो, हे बॉयलरवाला काका सांगतीलच. पिस्तोले शेवटी वाफ धरून एम्डनच्या मागे गेली, पण पावसाच्या सरीत एम्डन नाहीशी झाली.

बॉयलरवाला

थंड बॉयलरमधून चालण्याइतकी वाफ काढायची म्हणजे तास उलटतात. घाई केली तर नळ्या फुटतात. नांगरावर असलेल्या बोटीला दोष देऊ नका.

आजोबा_दादर

गोफणगुंडा, नाराज होऊ नका. तुमच्या गोफणीने त्याच्या आठ वर्षं आधी वेगळंच संकट सोसलं होतं. १८ सप्टेंबर १९०६ ला हाँगकाँगवर भयंकर चक्रीवादळ आलं, पुरेशी सूचनाही न मिळता. हजारो माणसं गेली. फ्रोंद तेव्हा तिथे होती. वादळाने तिला उचलून किनाऱ्यावर फेकलं, तिचे पाच खलाशी मेले. त्यांच्यासाठी हाँगकाँगमध्ये दगडी स्तंभ उभारला गेला. आधी तो कौलूनमध्ये होता, नंतर हॅपी व्हॅलीच्या दफनभूमीत हलवला. बोट मात्र दुरुस्त करून पुन्हा समुद्रावर आणली आणि युद्ध संपेपर्यंत ती टिकली.

गोफणगुंडा

आजोबा, धन्यवाद. आता जरा ताठ मानेने फिरतो.

सागरगोटा

अवांतर आहे पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. व्हॉट्सॲपवर ‘वॉरिमू’ नावाच्या जहाजाचा फॉरवर्ड सगळ्यांनी वाचला असेलच. ३१ डिसेंबर १८९९ च्या मध्यरात्री ते जहाज विषुववृत्त आणि आंतरराष्ट्रीय वाररेषा जिथे एकमेकांना छेदतात नेमक्या त्या ठिकाणी थांबलं, म्हणून त्याचं अर्धं अंग एका शतकात आणि अर्धं दुसऱ्या, अर्धं उन्हाळ्यात आणि अर्धं हिवाळ्यात, वगैरे. ही गोष्ट घडली की नंतर रचली यावर वाद आहेच.

पण त्याच वॉरिमूचा शेवट कसा झाला माहितीये? मे १९१८, भूमध्य समुद्र, ट्युनिशियातल्या बिझर्तजवळ. सैनिक घेऊन जात असताना सोबतीला दिलेल्या फ्रेंच विनाशिकेशी टक्कर झाली. टकरीत विनाशिकेवरचे पाणबुडीविरोधी बॉम्ब पाण्यात पडले, तिथे फुटले आणि दोन्ही बोटींच्या तळाला भगदाडं पडली. दोन्ही बुडाल्या. त्या विनाशिकेचं नाव कातापुल्त. आर्केब्यूझ वर्ग!

आजवर तो फॉरवर्ड शंभर वेळा डिलीट केला असेल, आज पहिल्यांदा सेव्ह केला.

मीनल_ग

काय सांगता! आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर ३१ डिसेंबरला येतो तो. यंदा मी खाली हे जोडणार.

नाखवा

सागरगोटा, टक्कर हा या तीनशे टनींच्या नशिबात लिहिलेलाच होता. ऑगस्ट १९०० मध्ये आधीच्या वर्गातली फ्रामे रात्रीच्या वेळी ब्रेनूस या आपल्याच युद्धनौकेखाली सापडली, पोर्तुगालच्या सेंट व्हिन्सेंट भूशिराजवळ. चाळीसहून जास्त माणसं गेली. तोफगोळ्याची गरजच लागली नाही. मोठ्या ताफ्यासोबत रात्री एवढ्या लहान बोटी चालवायच्या म्हणजे ट्रकांच्या रांगेत सायकल.

कावेरीकाठचा

मी चेन्नईला असतो. इथे हायकोर्टाच्या भिंतीपाशी एम्डनच्या माऱ्याची आठवण देणारी पाटी आहे. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री एम्डनने मद्रासच्या बंदरातल्या तेलाच्या टाक्या पेटवल्या होत्या, पेनांगच्या महिनाभर आधी. तमिळमध्ये आजही धूर्त, जबरदस्त माणसाला ‘एमडन’ म्हणतात. माझी घरमालकीण तिच्या नातवाला रोज म्हणते. लोकांना जिंकणारा लक्षात राहतो, पेनांगकर. मूस्केवरून कुठल्या भाषेत शब्द आला असेल असं वाटत नाही.

पेनांगकर

हेच, हेच मला खुपतंय.

सिंगापुरी

पेनांगकर, आमच्याकडे सिंगापूरला याच एम्डनची वेगळी शेपटी आहे, आणि ती हिंदुस्थानी आहे. एम्डनच्या सोबतच्या बोटींवरून पकडलेले जर्मन खलाशी इथे टँगलिनच्या बराकीत कैदेत होते. त्यांच्या पहाऱ्यावर हिंदुस्थानी पलटण, पाचवी लाइट इन्फन्ट्री. १५ फेब्रुवारी १९१५ ला ती पलटण उठली. आपल्याला तुर्कांशी लढायला नेणार असा त्यांचा समज होता, प्रत्यक्षात हाँगकाँगला न्यायचं ठरलं होतं. शिपायांनी कैद्यांची छावणी उघडली. नंतर ४७ शिपायांना भर लोकांसमोर गोळ्या घातल्या. बंड मोडायला जी परदेशी जहाजं धावून आली त्यात फ्रेंचही होते. या पाण्यात कोण कोणाचा हे रोज बदलत होतं.

मीनल_ग

मूस्केच्या माणसांचं पुढे काय झालं? सगळेच गेले?

पेनांगकर

नाही. एम्डनने थांबून होड्या सोडल्या आणि ३६ जणांना उचललं, एक अधिकारी आणि ३५ खलाशी. एम्डनच्या अधिकाऱ्यांनी नंतर लिहिलं, की काही फ्रेंच खलाशी होड्या बघून उलटे पोहत दूर जायला लागले. जर्मन कैद्यांना ठार मारतात असं त्यांना सांगितलं गेलं होतं. जखमींपैकी काही जण एम्डनवर वारले, त्यांना लष्करी इतमामात समुद्रात सोडलं. ३० ऑक्टोबरला एम्डनने न्यूबर्न नावाचं ब्रिटिश जहाज अडवलं, पण बुडवलं नाही. या युद्धात पुन्हा लढणार नाही असं फ्रेंचांकडून लिहून घेऊन त्यांना त्या जहाजावर चढवलं आणि सुमात्राजवळच्या साबांगला पाठवलं. दहा दिवसांनी, ९ नोव्हेंबरला, कोकोस बेटांपाशी ऑस्ट्रेलियाच्या सिडनी या क्रूझरने खुद्द एम्डनलाच निकामी केलं.

तांबडं_फुटलं

ते उलटं पोहणं डोळ्यांसमोरून हलत नाहीये. बोट गेली, अंगावर भाजलेलं, आणि वाचवणाऱ्या होडीपासून पळायचं.

दर्यावर्दी

आता मूळ प्रश्नावर येतो, सावकाश लिहितो म्हणालो होतो.

माझं मत आजोबांपेक्षा थोडं वेगळं. या बोटी पूर्वेला पाठवणं हा मूर्खपणा नव्हता. इंडोचायनाच्या किनाऱ्यावर, सैगॉन नदीच्या तोंडाशी, त्यांचा उपयोग होता. १९१४ मध्ये इंग्रजांकडेही जहाजं कमी होती, एम्डनच्या मागे किती धाडायची आणि सैनिकांच्या जहाजांसोबत किती, याची ओढाताण होती. त्यामुळे फ्रेंचांनी असतील त्या बोटी दिल्या. इथवर ठीक.

चूक पुढची. मूस्केला ज्या कामाला लावलं ते तिचं नव्हतं. पाणतीर मारणाऱ्या बोटीचं सगळं बळ अंधारात, थव्यात आणि जवळून. दिवसाउजेडी, एकटीने, मोकळ्या पाण्यात क्रूझरसमोर ती म्हणजे तोंडावर आलेला नेम. तीन बहिणी एकत्र रात्रीच्या अंधारात बंदराच्या तोंडाशी दबा धरून बसल्या असत्या, वाफ चढवून, तर एम्डन आत शिरताना चित्र वेगळं दिसलं असतं. त्याऐवजी दोन नांगरावर आणि एक दूर गस्तीवर. एम्डनला तिघी वेगवेगळ्या सापडल्या. आंग्र्यांनी ही चूक केली नसती, म्हणून अर्धाच शब्द मागे घेतला होता.

आजोबा_दादर

हे पटलं. बाकीचा अर्धा शब्द तुमच्याकडेच ठेवा.

नाखवा

दर्यावर्दी, तिघी एकत्र असत्या तरी त्यांना कॅनव्हासचं धुराडं ओळखता आलं असतं का? इशारा मागायची आणि उत्तर न मिळाल्यास पाणतीर सोडायची परवानगी त्यांना होती का? मला वाटतं तिथेच सगळं अडलं असतं. बंदराचा कारभार इंग्रजांकडे, बोटी फ्रेंच, क्रूझर रशियन. तीन भाषा आणि एक बंदर.

दर्यावर्दी

बरोबर. तरी अंधारात तिघींनी जीव तरी घेऊन पाहिला असता.

बॉयलरवाला

मला एवढंच लिहायचंय. इतकं सगळं लिहून झालं, पण मूस्केच्या इंजिनखोलीतल्या एकाचंही नाव कुणाला ठाऊक नाही. कप्तानाचं कळलं. खाली जे होते ते बोट आडवी झाल्यावर वर आले असतील का, हा विचार काल रात्रभर करत होतो. उभ्या लोखंडी शिडीने, वाफेच्या धुक्यातून, दहा मिनिटांत. आमच्या टगवर एकदा नळी फुटली होती. मी आठ पायऱ्या चढून वर आलो, तेवढ्यात भुवया गेल्या होत्या.

पेनांगकर

काका, तुमचा प्रतिसाद वाचून आज पहाटे पाचला उठून जॉर्जटाउनच्या एस्प्लनेडवर गेलो. समोर बटरवर्थचे दिवे, फेरीबोटी सुरू झालेल्या. झेमचुग इथेच कुठेतरी होती. उत्तरेकडे बघत बसलो, मूस्के त्या बाजूने येत होती. सव्वासहापर्यंत नुसतं करडं, पाणी कुठे संपतं तेच कळत नाही. एक मालवाहू जहाज लांबून आलं, मी धुराडी मोजायचा प्रयत्न केला. सातला पूर्ण उजाडलं तरी धुराडं एकच होतं की दोन, ठरवता आलं नाही. तांबडं_फुटलं यांनी लिहिलेलं अक्षर न अक्षर खरं आहे.

पुढच्या महिन्यात कामासाठी हाँगकाँगला जायचंय. एक दुपार मोकळी आहे. हॅपी व्हॅलीत जाऊन फ्रोंदचा तो स्तंभ शोधतो.

गोफणगुंडा

नक्की जा! आणि फोटो टाका. त्यावर पाचही जणांची नावं असतील तर तीही लिहून आणा, फ्रेंच उच्चार मी बघतो.

मीनल_ग

आमच्या वतीनेही फुलं ठेवा, पेनांगकर.

पेनांगकर

ठेवतो, ताई.